बंद केलेली बारव

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. नव्या कचेरीत टेबलं यायची होती, पण नारू निर्मूलनाच्या मोहिमेची जीप आली होती. त्या जीपमधून मी, मोहिमेची डॉक्टर, शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात गेले.

गावाला पाण्याची एकच जागा, पायऱ्यांची बारव. नारू झालेली माणसं पाण्यात उतरत, फोडातून जंताची पिल्लं पाण्यात जात, आणि तेच पाणी घरोघर प्यायलं जाई. मला उपाय सरळ दिसला. पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधून रहाट बसवायचा. काम होईस्तोवर टँकर.

बौद्धवाड्यातली एक तरुण बाई रोज माझ्याकडे येई. मीही हदगावकडच्या बौद्ध घरातली, हे तिनं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. तिच्या घोट्यातून निघणारा जंत मी काडीवर गुंडाळायची, रोज दोन बोटं. पायऱ्यांवर काटेरी फांद्या टाकल्या त्या दिवशी ती म्हणाली, "बाई, बारव बंद करायलात. पण टँकर आमच्या गल्लीपस्तोर यायचा न्हाई."

मी तिला शब्द दिला, टँकरवाल्याला बजावलं आणि दुसऱ्या गावांच्या तपासणीला निघून गेले.

नऊ दिवसांनी परतले तेव्हा सिमेंट आलंच नव्हतं. टँकर वेशीतच रिकामा होत होता. बौद्धवाड्यातल्या लोकांनी नदीच्या पात्रात झिरे उकरले होते, आणि त्या पाण्यानं गॅस्ट्रो पसरला होता. ती घरात निपचित पडली होती. सलाइन लावायला शीर सापडेना. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखाना यायच्या आत, भर दुपारी, ती गेली. घोट्याला काडी तशीच बांधलेली होती.

अहवालात फक्त नारूचे रकाने होते. तिच्या नावापुढे 'उपचार सुरू' असंच राहिलं.

पुढं नारू संपला. नांदेडला मी शिकवलं, साथींवर संशोधन केलं, सत्कारही झाले. दुसरं पाणी सुरू झालेलं स्वतः पाहिल्याशिवाय एकही विहीर बंद करू दिली नाही. तरी घोट्याला पट्टी बांधताना माझे हात थांबत. बाजूच्या नर्सला वाटे, डॉक्टरांना काहीतरी आठवलं.

निवृत्तीनंतर त्या गावी गेले. त्या तरुण बाईची सासू अजून होती, डोळ्यांनी अधू. माझा आवाज तिनं ओळखला. बारव मी बंद केली होती, आणि टँकर येतो की नाही हे बघायला थांबले नव्हते, एवढं मी कसंबसं सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "ते आम्हाला तवाच ठाऊक होतं. तुम्हाला सांगायला लई वर्षं लागली."

तिनं मला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. मी ओट्यावर बसून राहिले.