पाचव्या भिंतीची पाचर

लोक त्याला ओळंबा म्हणत. उमेदीत तो गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखा ताठ चालायचा. चाळीस वर्षं फरशा बसवून गुडघे गेले, कंबर वाकली, नाव तेवढं सरळ राहिलं. शाळेच्या वाचनालयाची पाच भिंतींची खोली ही आपली शेवटची फरशी, असं त्याने घरी जाहीर केलं होतं. शेवटच्या कामात कुठलीही कड उघडी सुटता कामा नये, असं स्वतःला बजावलंही होतं.

नक्षी सुनेची. ती त्याच शाळेत गणित शिकवायची. मुलांना चालता चालता क्षेत्रफळ कळावं म्हणून तिने सहा इंच बाजूचे विटकरी षटकोन निवडले.

"एका षटकोनात सहा त्रिकोण, बाबा. खोलीत किती त्रिकोण मावले ते मोजायचं, झालं क्षेत्रफळ!"

"तू मोज. बसवायचं मला आहे."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पाचव्या भिंतीपाशी पोचला आणि थापी आपटून ओरडला, "सूनबाई! इकडे ये. तो तुझा कागदही आण."

भिंत तिरपी होती. एका टोकाला फरशी भिंतीला टेकत होती, दुसऱ्या टोकाला आठ इंचांची फट. बारा फूट लांबीची पाचरच.

"तुम्ही दोरी लावून बघितलं नाहीत?"

"तू माप घेतलं नाहीस?"

जन्मात दुसऱ्याच्या मापावर न विसंबलेला ओळंबा या वेळी सुनेचा मान राखायला तिच्या कागदावर विसंबला होता. तिने नकाशातले आकडे तसेच उतरवले होते, कारण दोरी लावल्याशिवाय बाबा हात चालवणार नाहीत, याची तिला खात्री होती.

"निदान ह्यांना तरी एकदा बघायला सांगायला हवं होतं," ती पुटपुटली.

"त्याचं नाव काढू नकोस. त्याला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही."

मुख्याध्यापिका दारातून डोकावल्या. "एवढंच ना? सिमेंट भरा, वर सतरंजी टाकू."

"मग सगळ्या खोलीतच टाकायची होती, बाई! मला कशाला तीन दिवस रांगायला लावलंत?"

त्या आल्या तशा गेल्या.

नवे षटकोन मिळणार नव्हते. त्या रंगाची भट्टीच बंद झाली होती. उरले होते इतर भिंतींपाशी कापलेले चौदा अर्धे. सून खडू घेऊन जमिनीवर बसली.

"पाचर म्हणजे त्रिकोणच. एकशे चव्वेचाळीस इंच गुणिले आठ, त्याचं निम्मं. पाचशे शहात्तर. आपला लहान त्रिकोण साडेपंधराचा, म्हणजे सदतीस हवेत. एका अर्ध्यात तीन, चौदांत बेचाळीस. पुरतात!"

"कागदावर पुरतात. तिरपं कापताना चुरा होतो, तो कोण भरून देणार? तुझ्या सूत्राला ना हात, ना गुडघे."

ती चिडून उठली. थोड्या वेळाने खडूने पाचरीच्या मधोमध रेघ मारली. "चिंचोळ्या बाजूला कपाट उभं करू. लांबी निम्मी झाकली तरी क्षेत्रफळ पावच झाकलं जातं. उरलेल्या भागाला अठ्ठावीस लागतील. चुऱ्याला चौदा सुटले."

"कपाटाखाली काय, सिमेंट?"

"कोण बघणार आहे, बाबा?"

नाकाने जोरात श्वास सोडून त्याने कापायला घेतलं. अर्धे षटकोन तीन-तीन त्रिकोण झाले, त्रिकोण भिंतीच्या तिरपेपणाला घासून बसले. पाच तुकडे चुऱ्यात गेले आणि प्रत्येक वेळी सुनेला एकेक नजर मिळाली. उन्हं उतरायच्या आत रुंद भाग भरला. नऊ त्रिकोण शिल्लक.

सून कपाट ढकलायला माणसं बोलवायला निघाली. वळून बघते तो ओळंबा उरलेले नऊ तुकडे पुढे सरकवत चिंचोळ्या टोकाकडे रांगतोय.

"अहो, तिथे कपाट येतंय!"

"कपाटं हलवतात माणसं."

"सव्वानऊ लागतात तिथे, मी मोजलंय. पाव तुकडा कमी पडेल."

"सांधे धरलेस?"

"काय?"

"दोन तुकड्यांमध्ये सूतभर सांधा सुटतो. ती जागा तुझ्या हिशेबात धरलीस का?"

सुनेने पदर खोचून पुन्हा खडू उचलला. ओळंबा तिच्या उत्तरासाठी थांबला नाही. पहिला तुकडा त्याने भिंतीला लावूनही टाकला होता.