यज्ञेश्वर वैद्यांचं फेनासव

आज एकादशी. कुणाची निंदा करायची नाही, म्हणून शेजारच्या यज्ञेश्वर वैद्यांविषयी घडलं तेवढंच लिहिते.

शनिवार पेठेत वैद्यांचा हातगुण प्रसिद्ध. रोगी हमखास बरे होतात, दुसऱ्या वैद्याकडे गेल्यावर. संगमावरच्या बंगल्यातल्या एका साहेबाचा खोकला मात्र त्यांच्या काढ्यानं खरंच गेला. दोघांनाही नवल वाटलं. साहेबानं खुशीनं विस्कीच्या चार बाटल्या आणि बिरीचं पिंप पाठवलं.

दुसऱ्या कुणी ते ओढ्यात ओतलं असतं. वैद्यांनी विस्की बरणीत ओतली. दालचिनी, सुंठ, ज्येष्ठमध, संत्र्याची साल घालून सात दिवस मुरवली, सोवळ्याच्या पंच्यानं गाळली आणि वरून हलकेच बिरीची धार धरली. फेस आला, म्हणून नाव ‘फेनासव’. मग हौदावर जाऊन पेठेला सांगितलं. गुपित राखणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही.

ग्रामण्य उभं राहिलं; वैद्यांना वाळीत टाकायचं का, ते ठरवायला विद्वानांची सभा बसणार होती. आठ दिवसांवर लेकीचं, कुसुमचं लग्न. बाप मद्यपी ठरला तर पंक्तीला कोण बसणार? व्याही वऱ्हाड माघारी नेणार. वैद्यांची बायको, वेणूवहिनी, माझ्याकडे येऊन रडली. मी देवापुढे समई लावली. वैद्यांच्या अकलेवर दुसरा उतारा ठाऊक नव्हता.

सभेला इकडची स्वारीही होती, इकडूनच हे ऐकलेलं. सभेचे पुढारी असलेल्या आप्पासाहेब शास्त्र्यांनी फेनासवाचा पेला नाकाशी नेला, ओठाला लावला नाही, आणि गरजले, “मद्यच हे! बिरीचा कडूपणा सुंठीनं झाकलाय, एवढंच!”

वैद्यांनी हात जोडले. “आप्पासाहेब, बीर कडू असते हे मला साहेबानं सांगितलं. आपल्याला कुणी सांगितलं?”

आप्पासाहेबांनी पेला घाईनं खाली ठेवला.

“ज्यांना मद्याची चव ठाऊक असेल,” वैद्य म्हणाले, “त्यांनी पुढे यावं आणि खुशाल हे मद्य म्हणावं.”

चाळीस विद्वानांपैकी एकही उठला नाही. खोकल्यावरचं औषध, असा निर्णय झाला.

“आपणही नाही उठलात?” मी घरी विचारलं.

“मी कशाला उठू? पंचांग कुठंय? एकादशी कधी ते बघायचंय,” उत्तर मिळालं. ती कधी ते मीच सांगितलं.

कुसुमचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. पहिल्या पंक्तीत पहिलं पान आप्पासाहेबांचं. जेवताना ते तीनदा खोकले, तिन्ही वेळा वैद्यांकडे बघून.

वैद्यांनी स्वतः उठून त्यांना ऊन पाणी आणून दिलं.