लिलावातलं घर आणि पाच वर्षांचा भाडेकरू

त्या घराचं प्रकरण निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही. नावं सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून रस्त्यात नमस्कार करतात.

शहापूर तालुक्यात शेणव्याकडच्या एका गावात बँकेनं जप्त केलेलं दोन खोल्यांचं घर ऑनलाइन लिलावात निघालं. एका जमीन दलालानं आधीच सगळ्यांना दम भरला होता, दुसऱ्या कुणी बोली लावायची नाही. घर मातीमोलानं त्यालाच मिळायला हवं होतं. हा दम गावाबाहेरच्या आदिवासी पाड्यापर्यंत पोहोचलाच नाही. पाड्यावरच्यांना विचारतो कोण! तिथल्या एका नर्सनं शहापूरच्या सायबर कॅफेत बसून बोली लावली आणि घर तिचं झालं.

बँकेनं विक्रीचा दाखला आणि किल्ली दिली. आठ दिवसांनी ती टेम्पोत सामान घालून आली, तर कुलूप तोडलेलं आणि आत एक माणूस खाट टाकून बसलेला. म्हणे, मी इथला पाच वर्षांचा भाडेकरू, हा करार, कोर्टात जा. चोर तो चोर, वर शिरजोर.

ती पोलीस ठाण्यात आली. मी प्रभारी होतो. कागद चाळले आणि आमचं ठरलेलं वाक्य बोललो, "ही दिवाणी बाब आहे. वकील बघा."

ती बाकावरून हलली नाही. "वकील बघीन साहेब. पण कुलूप तोडलं त्याचं काय? तुमच्या घरचं तोडलं असतं तर तुमी वकील बघितला असता?"

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

"आमचा पाडा दुसऱ्याच्या जमिनीवर हाय," ती म्हणाली. "आज उठवतील, उद्या उठवतील, हेच ऐकत मोठी झाले. ह्या घरातून मला कोण उठवतो ते बघतेच."

मी तक्रार नोंदवली. तासाभरात एका वजनदार माणसाचा फोन आला, "साहेब, गावातलं गावात मिटू द्या ना."

"मिटवू की. कुलूप तोडणाऱ्याला इकडे घेऊन या," म्हणालो आणि फोन ठेवला. बदलीची भीती मला कधी वाटली नाही असं नाही. त्या दिवशी मात्र वाटली नाही.

करार पक्का दिसत होता. स्टॅम्प पेपर, सह्या, साक्षीदार, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी गावाला पाणी पुरवणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर ठाण्यात आला. आमच्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि त्या गावात होळीनंतर नळ कोरडे पडतात.

"साहेब, माझं नाव नको. चार उन्हाळे त्याच दारासमोर टँकर लावतोय. ह्यो बाबा हंडा घेऊन कधी दिसला नाय."

भाडेकरूला बोलावलं, चहा दिला. कराराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ती उत्तरं तो पाठ करून आला होता.

"उन्हाळ्यात पत्र्याखाली उकडत असेल?"

"लय उकडतं. दोन टाइम आंघोळ करतो."

"पाणी?"

"घरात नळ हाय की. बारा महिने चालू."

हवालदाराला हसू आवरेना. "अरे, मे महिन्यात तिथं सरपंचाला पण एका बादलीत भागवावं लागतं रे!"

चहा बाजूला सारून त्यानं सगळं सांगून टाकलं. माणूस कल्याणकडचा निघाला. दलालानं त्याला आणून बसवलं होतं, बाई वैतागून घर स्वस्तात विकेल म्हणून. करार जुनी तारीख घालून महिन्याभरापूर्वीच बनवलेला होता. घरात बेकायदा घुसणं आणि बनावट दस्तऐवज, असा गुन्हा दोघांवरही दाखल केला.

पंचनामा करून घर तिच्या ताब्यात दिलं, त्या दिवशी तिची आई सवयीनं अंगणातच बसली. गावातल्या कुणाच्या उंबऱ्याच्या आत ती आयुष्यात गेली नव्हती.

"आये, आत ये गो," लेक म्हणाली.

समोरच्या ओट्यावरून एकानं टोमणा मारला, "बघू, किती दिवस टिकतात."

म्हातारी उठली, उंबरा ओलांडला आणि आतून वळून म्हणाली, "तू बस मोजत."

लोक म्हणतात, साहेबांनी शोध लावला. शोध टँकरवाल्यानं लावला. मी आधी नको ते बोललो आणि मग सुधारलो, इतकंच. ‘दिवाणी बाब’ या त्याच एका वाक्यानं नोकरीत किती जणांना परत पाठवलं असेल, आणि ते मुकाट्यानं गेले. आता कुणी सल्ला विचारायला आलं, तर स्पष्ट सांगतो, पोलीस ठाण्यात पहिल्या नकाराला उठू नका. नकार देणाऱ्या खुर्चीत मी स्वतः बसलोय.