पाट्यावरचा ज्वालामुखी

मंगळवारी दुपारी, इथे आखातात, शुऐबा भागातल्या कारखान्यातून फोन आला. माझा नवरा तिथे हिशेब पाहायचा. कामाच्या टेबलावर बसल्याबसल्याच तो गेला.

सबाह अल-सालेममधल्या आमच्या घरी दर शुक्रवारी ओळखीच्या मराठी घरांतली मुलं जमायची. तो त्यांना मराठीतून जग सांगायचा. शेवटचे काही शुक्रवार ट्रिस्टन दा कुन्हाचे होते. दक्षिण अटलांटिकमधली ही ज्वालामुखीची बेटं. जहाजाशिवाय तिथे जाता येत नाही. ती समुद्रातून कशी वर आली, त्यांतल्या एकावरचा चिमुकला पक्षी उडणंच कसं विसरला, हे सांगून झालं होतं. माणसांची गोष्ट राहिली होती.

लाव्हा थंड झाला की कसा दिसतो, हे दाखवायला त्याने ओट्यावरचा पाटा उचलून आणला होता. लग्नानंतर सासूबाईंनी तो आमच्या सामानात कोंबला होता.

"आपला सह्याद्री याच दगडाचा. यावर काकू चटणी वाटते."

"म्हणून ती इतकी तिखट होते, काका?"

"नाही रे, त्यात दगडाचा दोष नाही."

तो गेल्यावर महिन्याभराने मुलांच्या आया चाचरत विचारू लागल्या, वर्ग बंद करायचा का? मला चार माणसांपुढे बोलता येत नाही. त्याने लावलेली एवढी एकच गोष्ट घरात चालू होती, आणि तीही आता थांबणार होती.

आमची मुलगी लहानपणापासून मराठीला इंग्रजीत उत्तर देत आलेली. ती म्हणाली, "आई, मी सांगते. तू मधे बोलू नकोस."

शुक्रवारी तिने पाटा गालिच्यावर ठेवला.

"ताई, इंग्रजी न बोलता किती वेळ टिकशील?" एका मुलाने विचारलं.

"गोष्ट संपेपर्यंत."

शब्द शोधत, अडखळत तिने सांगितलं. बेटावर ज्वालामुखी फुटला, सगळे होड्यांत बसले, त्यांना इंग्लंडला नेलं. तिथे घरं मिळाली, कामं मिळाली. पुढे सरकारने त्यांचं मत विचारलं तेव्हा जवळजवळ सगळे म्हणाले, आम्हाला परत जायचंय.

"का पण?"

तिने पाट्यावरून हात फिरवला. "तिथे त्यांची बटाट्याची शेतं होती. आणि सगळे एकमेकांना ओळखायचे."

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी ऐकत होते. मला तिचा आणि त्याचा, दोघांचाही अभिमान वाटला.

वर्ग चालू आहे. पाटा शुक्रवारी गालिच्यावर असतो, एरवी ओट्यावर.