आमी सरकून बसू

आमच्या घोडेगावच्या घरामागे, परसात, एक गॅरेज आहे. विटांच्या तीन भिंती, वर पत्रा, पुढे लोखंडी दार. बघण्यासारखं त्यात काही नाही. ते मी बांधायला हवं होतं त्यापेक्षा आठ-नऊ वर्षं उशिरा बांधलं, एवढंच. उशीर का झाला, हे मी घरात कुणालाही नीट सांगितलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही पहिली चारचाकी घेतली. आमचं किराणा दुकान कचेरीच्या रस्त्यावर. पणजोबा राजस्थानातून इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. दुकान पुढे, घर मागे, आणि दुकानाला लागून एक पडवी. रस्त्याच्या बाजूने सगळी उघडी, खाली शहाबादी फरशी, भिंतीशी एक लांब लाकडी बाक आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. डोंगराकडच्या गावांतून तहसील कचेरीत कामाला आलेली माणसं तिथे बसत. कधी साहेब जेवायला गेलेले असत, कधी कागद उद्यावर गेलेला असे, कधी परतीच्या एसटीला दोन तास असत. माणसं तिथेच भाकरी सोडत. कुणी गाठोडं बाकाखाली सारून, “शेठ, ध्यान असू द्या,” म्हणून निघून जाई. दुकानातून काही घ्यायलाच हवं असं नव्हतं. हे आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं, आणि आमच्या घरात त्याला कुणी पुण्य वगैरे म्हणत नसे. पडवी होती, माणसं बसत.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, आम्ही जैन एकमेकांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागतो. वडील त्या दिवशी पडवीतही जात. जो कुणी बसला असेल त्याच्यापुढे हात जोडून म्हणत, “वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा.” ती माणसं धडपडत उभी राहत. मला ते पाहून कानकोंडं व्हायचं.

गाडी आली आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्न आला. गवंडी मिस्त्रीला बोलावलं. त्याने टेप धरून दोन्ही जागा मोजल्या. मागच्या परसात कपड्यांच्या दोऱ्या आणि एक बदामाचं झाड, बाकी सगळी मोकळी जागा. घराशेजारच्या बोळातून गाडी आत येत होती, फक्त नवं बांधकाम करावं लागलं असतं. पडवीत बाक काढला की गाडी मावत होती. तिथे नुसता उतार करायचा आणि शटर बसवायचं.

“कुठं करू मग?” मी विचारलं.

“मागं ऐसपैस व्हईल,” मिस्त्री म्हणाला. “पन पुढं लावली तर गाडी लोकांला दिसंल. मागं लावली तर फकस्त कावळ्यांला.”

तो थट्टेत बोलला. माझा निर्णय मात्र त्याच क्षणी झाला. राजुरीच्या चुलतभावाने आमच्या आधी गाडी घेतली होती, आणि ती त्याच्या दारात रस्त्यावरून दिसायची. घरात मी वेगळंच सांगितलं. बोळ अरुंद आहे म्हणालो, बदामाची मुळं पायात येतील म्हणालो. बोळ अरुंद नव्हता.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “तिथं बसतात त्यांना विचारून घे.”

“जागा आपली आहे, बापूजी.”

“ते त्यांनाही माहीत आहे. म्हणून ते आपणहून काही बोलणार नाहीत. तू विचार. आणि शटरचं सांग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत चार-पाच जण होते. त्यांत एक म्हातारा होता, जमिनीच्या फेरफारासाठी दोन वर्षं हेलपाटे घालणारा. मुंडासं, खांद्यावर घोंगडी, बोलायला मोकळा. मी त्यालाच गाठलं.

“बाबा, इथं गाडी लावावी म्हणतो. चालेल ना?”

“तुमची गाडी, तुमचं घर. आमाला काय इचारता?”

“तुम्ही बसता म्हणून.”

“मंग? आमी सरकून बसू.” आणि तो खरंच बाकावर सरकला, गाठोडं पोटाशी घेतलं, मोकळ्या झालेल्या हातभर जागेवर थाप मारून म्हणाला, “एवढी पुरंल का गाडीला?”

शेजारची बाई पदर तोंडाशी धरून हसली. “आवं बाबा, गाडी हाय ती, शेरडू न्हाई!”

सगळे हसले. मीही हसलो. शटर हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. त्या हसण्यात तो मी गिळला. गाडी उभी राहील आणि आपण कडेला बसू, असं त्यांना वाटतंय हे मला स्वच्छ कळत होतं.

संध्याकाळी वडिलांना म्हणालो, “विचारलं. काही हरकत नाही म्हणाले.”

“शटरचं सांगितलंस?”

“सांगितलं.”

वडिलांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला होकार दिला.

बाक गोदामात गेला. माठ दुकानात आला, पण दुकानात शिरून पाणी मागायला माणसं संकोचायची. हिरव्या रंगाचं शटर बसलं. त्यानंतरच्या सोमवारी म्हातारा आला. मी गल्ल्यावर होतो. तो शटरपुढे थोडा वेळ उभा राहिला, हात लावून पाहिला, मग गाडीसाठी केलेल्या उतारावर बसला. उतारावर नीट बसता येत नाही, पाय रोवून धरावे लागतात. त्याच्यामागून आलेलेही तसेच बसले, उन्हात.

तासाभराने मला मंचरला जायचं होतं. किल्ली घेऊन बाहेर आलो आणि म्हणालो, “जरा सरकता का?”

“सरकतो की.” सगळे उठले. म्हाताऱ्याने भाकरी फडक्यात परत बांधली. तेवढ्यात वडील दुकानाच्या दारात आले होते. त्यांना पाहून म्हातारा सरळ मनाने म्हणाला, “मोठं शेठ, ह्ये दार उघडं ठेवत जावा की. गाडी असंना का, आमी कडंला बसतो. आमाला वाटलं नुसती गाडीच लावनार.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी शटर वर केलं, गाडी काढली आणि निघालो. आरशात दिसलं, वडील दुकानातली पोती बाहेर आणून पायऱ्यांवर अंथरत होते.

 त्या वर्षी संवत्सरीला मी त्यांच्या पाया पडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणालो, तेव्हा फक्त म्हणाले, “मला नको. ज्यांना सांगायचं त्यांना सांग.”

मी सांगितलं नाही. उद्या सांगू, पुढच्या वेळी सांगू, असं करत राहिलो. पायऱ्यांवर बसणारी माणसं हळूहळू कमी झाली, थेट एसटी स्टँडवर जाऊन बसू लागली. मला त्याचं बरंच वाटलं, हेही लिहायला हवं. काही वर्षांनी वडील गेले. नात्यातल्या, व्यापारातल्या सगळ्यांची मी दर वर्षी फोनवरून माफी मागत होतो. जिथे मागायची तिथे गेलो नाही.

नंतर एकदा मंचरला गाडी बंद पडली. ती तिथल्या मेकॅनिककडे सोडून मी कितीतरी वर्षांनी एसटीत चढलो. एसटी भरलेली. मी दांडा धरून उभा राहिलो तर खिडकीजवळून आवाज आला, “या शेठ, बसा. सरकतो.”

तोच म्हातारा. डोळ्याचं ऑपरेशन करून निघाला होता, डोळ्यावर हिरवी पट्टी. दोघांच्या बाकावर आधीच दोघं होते. तरी तो खिडकीशी अंग चोरून बसला आणि मी टेकलो.

“आज एष्टीनं? गाडी कुठंय?”

“गॅरेजला.”

“म्हंजी आमच्या पडवीत.”

त्यात टोमणा नव्हता. आम्ही दुरुस्तीच्या दुकानाला गॅरेज म्हणतो, त्याला आमच्याकडचं तेवढंच गॅरेज माहीत होतं. आणि इतक्या वर्षांनीही ती ‘आमची पडवी’च होती.  मी म्हणालो, “बाबा, त्या वेळी मी तुम्हाला शटरचं सांगितलं नव्हतं. मुद्दाम. आणि तुम्हाला सांगितलं, असं वडिलांना खोटंच सांगितलं.”

“ते कळलंच व्हतं आमाला,” तो म्हणाला. “शटर दिसलं न्हवं का.” मग म्हणाला, “मोठं शेठ आलं व्हतं की स्टँडवर. दर साली यायचं, हात जोडायचं. पोरानं चूक केली, माफ करा म्हनायचं. लई वंगाळ वाटायचं बगा. एवढा म्हातारा मानूस, उन्हाचं चालत यायचं.”

मला हे माहीत नव्हतं. संवत्सरीचा उपवास, त्यात पाणीही नाही, आणि ते स्टँडपर्यंत चालत जात होते. मी तेव्हा घरात बसून पाहुण्यांना फोन करत असे.

“माफ करा, बाबा,” मी म्हणालो. एसटी रस्त्यातल्या खड्ड्यात आदळली, त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तोल सावरला. 

त्याच हिवाळ्यात मी मिस्त्रीला बोलावून परसात गॅरेज बांधलं. “तवाच म्हनलो व्हतो ऐसपैस व्हईल,” तो म्हणाला. पुढचं शटर काढलं. खांबांना शटरच्या पट्ट्यांच्या खुणा राहिल्या. बाक गोदामातून आणून पुसला, माठ भरून ठेवला.

तरी कुणी येईना. लोकांची इथे बसायची सवय मोडली होती. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी गल्ल्यावरून पाहिलं तर म्हातारा पडवीत बसलेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. सगळा बाक रिकामा होता, सगळी पडवी रिकामी होती. तो बाकाच्या अगदी टोकाला, गाठोडं पोटाशी धरून बसला होता, आणि शेजारी एका गाडीची जागा मोकळी ठेवली होती.