डाव्या हाताच्या तीन पट्ट्या

"क्रश इंज्युरी," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाले, "बीबी, हाथ कुचला गया है."

कुचला म्हणजे चिरडलेला. तो हात समोर टेबलावर होता. माझाच, डावा, तरी मला ओळखू येत नव्हता. वांग्यासारखा जांभळा झाला होता आणि बोटातली अंगठी मांसात रुतली होती. नर्सने ती छोट्या करवतीने कापली. मी किंचाळले तसं ह्यांनी माझं तोंड दाबलं.

"गप बस. बाहेर माणसं आहेत."

हे म्हणजे माझे यजमान. सौदीत, रास तनुराच्या रिफायनरीत क्रेनवर फोरमन. आमच्याकडची बाकीची माणसं कॅम्पात एकेका खोलीत आठ-आठ जण राहायची. ह्यांना बायको आणायची परवानगी मिळाली आणि राहायला लोखंडी केबिन मिळाली, दोन खोल्यांची. मूलबाळ नव्हतं.

"कैसे हुआ?" डॉक्टरांनी मला विचारलं. डॉक्टर लाहोरकडचे होते.

"दरवाजा लगा," उत्तर ह्यांनी दिलं.

डॉक्टर अजून माझ्याकडेच बघत होते. मी मान डोलावली. मराठीतही मी तेच म्हटलं असतं. दार लागलं. दार काय, वाऱ्यानेसुद्धा लागतं.

मी चौथीपर्यंत शिकले. चार लोकांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून हे लिहून ठेवतेय. कुणा बाईचा हात असा झाला तर तिला कळावं, पुढे काय काय होतं ते. पहिली गोष्ट म्हणजे हात सुजायच्या आधी अंगठी-बांगडी काढून टाका. लाजू नका, रडत बसू नका. आधी काढा.

एक्स-रे काढला. तळहाताची दोन हाडं मोडली होती. अनामिकेचा टेंडन तुटला होता. टेंडन म्हणजे बोट ओढणारी दोरी. ऑपरेशन झालं. हाडांत तारा घातल्या, त्यांना के-वायर म्हणतात. त्यांची टोकं कातडीतून बाहेर दिसायची, कुंपणाच्या तारेसारखी. ड्रेसिंगच्या दिवशी मी पदराचा बोळा तोंडात धरायची.

घडलं ते असं. मी जन्माची डावखुरी. शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर रूळ मारून मारून उजव्या हाताने लिहायला शिकवलं. बापाने जेवताना डावा हात पाठीमागे बांधला. लिहिणं आणि जेवणं उजव्यावर आलं, बाकी सगळं डाव्यावरच राहिलं. हात घाईत आपला आपण पुढे जातो, त्याला काय करणार?

त्या शुक्रवारी ह्यांचे मुदीर घरी आले. मुदीर म्हणजे साहेब, तिथलाच अरब. ह्यांची बढती त्यांच्या हातात होती. मी चहाचा पेला पुढे केला, डाव्या हाताने. त्या लोकांतही तो हात घाणीचा. मुदीर क्षणभर थांबले. मग हसून त्यांनी पेला घेतला आणि तसाच खाली ठेवला. प्यायले नाहीत.

त्यांची गाडी जाईपर्यंत हे हसत उभे होते. मी दाराच्या चौकटीवर डावा हात ठेवून बघत होते.

"तुझ्या आवशीने हेच शिकवलान काय गो?" ह्यांनी हळूच विचारलं. मी वळले. लोखंडी दार माझ्या हातावर आलं. ह्यांनी खांदा लावला आणि दार दाबून धरलं. आतलं हाड मोडताना मला ऐकू आलं. वाळलेली काटकी मोडते तसं.

एवढंच. मग हेच मला पिकअपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन आले. वाटेत म्हणाले, "दार लागलं म्हणायचं. दुसरं काय बोललीस तर एक्झिट लावतो तुझा."

एक्झिट लावणं म्हणजे देश सोडायचा कायमचा शिक्का. माझे सगळे कागद ह्यांच्या नावावर. ही धमकी भाजीत मीठ कमी पडलं तरी मिळायची.

तारा निघाल्या, प्लास्टर निघालं. आतून जो हात बाहेर आला तो लाकडाचा होता. एकही बोट वाकेना. डॉक्टर म्हणाले, "स्टिफनेस." म्हणजे सांधे आखडणं. "अभी नहीं हिलाया तो उम्रभर नहीं हिलेगा."

उम्रभर. मला केबिनीतली बादली दिसली, पोळपाट दिसला, वेणी दिसली. माझा खरा हात हाच होता. तो गेला तर माझ्याकडे मास्तरांनी शिकवलेला हात तेवढा उरणार होता.

मला फिजिओथेरपीला पाठवलं. म्हणजे व्यायामाने अवयव चालता करणं. बायकांच्या बाजूला बाकावर मी वाट बघत बसले. पलीकडे काचेतून रिफायनरीची जळती चिमणी दिसायची. दिवसरात्र पेटलेली.

फिजिओथेरपी करणाऱ्या मार्थाबाई गोव्याच्या. जाड मनगटांच्या, मोठ्याने बोलणाऱ्या. हात गरम मेणात बुडवायच्या आणि मग एकेक बोट धरून मुडपायच्या. दया नाही. मी रडले की म्हणायच्या, "रड गो बाय, रड. पण हात ओढू नको." बोटं वाकताना आत कडकड वाजायचं. मला दर वेळी दार आठवायचं. एकदा मी उजव्या हाताने त्यांना ढकलून दिलं. त्या भिंतीवर आपटल्या आणि हसल्या. "अरे वा! जीव आहे तर!"

मग त्या मला शेजारच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. तिथे कंपनीतल्या गोऱ्या लोकांचा पियानो होता. मार्थाबाई रविवारी घरी चर्चची गाणी वाजवत मोठ्या झालेल्या. बोटांच्या पेशंटला त्या इथेच बसवायच्या.

"डावा हात ठेव," त्या म्हणाल्या.

मी बसले आणि डावा हात पियानोच्या मागे घालून चाचपू लागले.

"कितें सोदता गो? काय शोधतेस?"

"भाता."

आमच्याकडे भजनात पेटी असते. तिथे उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा मागे, वारा घालायला. मला वाटलं सगळीकडे डाव्याचं काम तेच. मार्थाबाई हसून हसून स्टुलावरून पडायच्या राहिल्या. "हांगा भातो ना गो, बाय! इथे डावा हात हमाल नाही. इथे तो बोलतो."

तीन पट्ट्या एकदम दाबायच्या, त्याला कॉर्ड म्हणतात. पहिली अशी: करंगळी, मधलं बोट, अंगठा, मध्ये एकेक पांढरी पट्टी सोडून. तिचं नाव सी. दुसरीत करंगळी जागची हलत नाही. मधल्याऐवजी तर्जनी उतरते आणि अंगठा एक पट्टी उजवीकडे सरकतो. ती एफ. तिसरीत तर्जनी तशीच, करंगळी आणि अंगठा दोघं एकेक पट्टी डावीकडे. ती जी सेव्हन. एवढ्या तिघींवर पुष्कळ गाणी निघतात म्हणे.

माझी अनामिका तेव्हाही ताठ होती. मी म्हटलं, "हे बोट कसं दाबू?"

"बघ ना नीट," मार्थाबाई म्हणाल्या. "तिन्हींत ते बोट लागतंच कुठे?"

खरंच लागत नव्हतं. ज्या बोटातली अंगठी कापली ते बोट हवेत राहिलं तरी चालत होतं.

पण आवाज निघेना. मी पट्टी हळूच दाबायची, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. आयुष्यभर मी तशीच दारं लावली, तशीच भांडी ठेवली.

"मार गो!" मार्थाबाई ओरडल्या. "लाकूड आहे ते. त्याला दुखत नाही. मार!"

मी मारलं. तीन बोटं एकदम. असा आवाज झाला की मीच दचकले. मग पुन्हा मारलं. सी. सी. सी. खांद्यापर्यंत कळ गेली, करंगळीचं नख फुटलं, तरी थांबले नाही. पट्ट्या झाकायचं लाकडी झाकण वर उभं होतं. मनात आलं, ह्यांची बोटं इथे ठेवावीत आणि हे झाकण वरून आपटावं, आणि दाबून धरावं. तो विचार इतका गोड लागला की माझे हातपाय गार पडले.

मार्थाबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळू विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?"

"दार लागलं."

"वारं होतं?"

"नाही."

"मगे लागलें न्हय, बाय," त्या म्हणाल्या. "लायलें."

त्यांची कोकणी आणि माझी मराठी, अंतर किती? लागलं नाही. लावलं. मला रात्रभर तो शब्द चावत राहिला.

त्यानंतर मी नेमाने जात राहिले. दुखायचं, मी बडवायची. घरी फळीवर कोळशाने पट्ट्या काढून बोटं आपटायची. ह्यांनी एकदा फळी लाथेने उडवली. "बँडवाल्यांत जायचंय काय डावखुरीला?" मी फळी उचलून परत मांडली. हळूहळू करंगळी वाकू लागली. मूठ पूर्ण नाही, पण पेला धरण्याइतकी झाली.

शेवटच्या तपासणीला हे बरोबर होते. डॉक्टरांनी टाचणीने बोटं टोचून बघितली, मूठ वळायला लावली. "माशाल्ला," म्हणाले. "अनामिका सीधी रहेगी. बाकी हाथ चलेगा." फाईल बंद करता करता त्यांनी सवयीने वाचलं, "दरवाजा लगा था, ना?"

हे म्हणाले, "जी."

 डावा हात मांडीवर होता. मी करंगळी, मधलं बोट, अंगठा मांडीत रुतवले.

"लगा नहीं," मी म्हटलं. "इन्होंने लगाया."

 डॉक्टरांनी फाईल परत उघडली आणि लिहिलं. मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मियाँ, आप बाहर बैठिए."

 परतताना पिकअपमध्ये ह्यांचा जबडा हलत होता. केबिनीशी उतरलो. मी आत गेले. हे पायरीवर उभे राहिले, मूठ वळलेली.

"लावू एक्झिट तुझा? लावू?"

मी भीत होते. 

"लावा," मी म्हटलं.

आणि ते लोखंडी दार मी डाव्या हाताने ओढून घेतलं. खाडकन.

ह्यांनी रागाने खरंच एक्झिट लावला. आता मी राजापूरकडे भावाच्या घरी आहे. थंडीत हात ठणकतो. अनामिका ताठच आहे. दुपारी देवळात कोणी नसतं तेव्हा मी भजनाची पेटी घेते, पण हात उलटे लावते. उजव्या हाताने भाता मारते आणि डाव्याने सी, एफ, जी सेव्हन. डॉक्टरांनी हाडं जोडली. मार्थाबाईंनी बोटांत जीव घातला आणि तोंडात एक शब्द. दोघांना माझा हा लेख पोचणार नाही, पण रोज संध्याकाळी दिवा लावताना मी त्यांचं नाव घेते.

परवा विहिरीवर एक बाई मला ऐकू जाईल अशी दुसरीला म्हणाली, "बिचारीचा संसार सुटला."

मी घागर डाव्या हाताने उचलली.

"सुटला नाय गो," मी म्हटलं. "सोडला."