तिच्या बोटाची दोन पेरं

‘खूप पाऊस झाला’ असं कोणी म्हटलेलं आमच्या हिला खपायचं नाही. "खूप म्हंजी किती पेरं?" असं विचारायची. अंगणात वनस्पती तुपाचा रिकामा, सरळ उभा डबा ठेवलेला असायचा. सकाळी त्यात तर्जनी बुडवायची आणि सांगायची, "दोन पेरं. वर नखभर." काळेवाडीत तिला सगळे पाऊसकाकू म्हणायचे. ती गेली म्हणून लिहितोय. नाहीतर माझा आणि लेखणीचा काय संबंध.

लग्न झालं ती पन्नास सालानंतरची वर्षं. चाकणकडे एका सरकारी बंगल्यावर मी पाऊस मोजायला होतो. झाडाभिंतींपासून लांब, मोकळ्यात, जमिनीत बसवलेलं यंत्र. वर पितळी कड्याचं नरसाळं, खाली बाटली. सकाळी बाटलीतलं पाणी रेघांच्या काचेच्या पेल्यात ओतायचं आणि आकडा साहेबाला कळवायचा. एवढंच काम.

ही दुष्काळी मुलखातली. आली ती बोलेचना. त्यात मी तोंडाचा फाटका. आखाडात भाऊ न्यायला येणार होता. गेली की ही काही परत येत नाही, असं माझं मन सांगत होतं.

एका सकाळी बघतो तर आभाळ कोरडं ठाक आणि बाटलीत पाणी. पितळी कड्याला हळदकुंकू. घरी येऊन विचारलं, "तिथं पाणी कोणी ओतलं?"

"मी. देवाला आंघोळ घातली. माज्या गावाला पडावा म्हनून."

"अगं, देव नाही तो. माप आहे. ओतून पाऊस पडत नसतो."

"मग कसा पडतो?"

तिचं माझ्याशी हे पहिलं सरळ बोलणं. साहेबाच्या तोंडून ऐकलेलं मी सांगितलं. पाण्याची वाफ वर जाते, गार होते, धुळीच्या कणाला धरून बारीक थेंब होतात. ते एकमेकांना मिळून जड झाले की खाली येतात.

"भाताच्या झाकनाखाली येतं तसंच की," ती म्हणाली. मग म्हणाली, "धूळ तर आमच्याकडं ढीग हाय. वाफच कुठं वाट चुकती कुनास ठाऊक." आणि हसली. मीपण हसलो.

भाऊ येऊन घेऊन गेला. आखाड सरला, श्रावण अर्धा झाला, निरोप नाही. एका दुपारी दारात उभी. हातात चिंधीचं बूच लावलेली बाटली.

"आमच्याकडचा पाऊस हाय. डब्यात धरला. मोजा."

मी पेला उचलला आणि परत ठेवला. "हा पेला आमच्या नरसाळ्याच्या तोंडाला बेतलेला आहे. तुझ्या डब्याचं तोंड निराळं. ह्यात ओतून खरा आकडा यायचा नाही."

एवढ्या लांबून जपून आणलेलं पाणी. वाटलं, आता ही रडणार. तिनं मला खालीवर पाहिलं.

"तरी बरं, म्या बोट घातलं व्हतं. दोन पेरं."

बरोबर होतं. सरळ डब्यात पाणी जेवढं चढेल तेवढाच पाऊस, तोंड केवढंही असो. म्हटलं, "मोजलं होतंस तर आणलंस कशाला?"

"आवो, घरला येताना रिकाम्या हातानं यायचं व्हय?"

पुढं मी पिंपरीत कंपनीला लागलो, काळेवाडीत खोली घेतली. डबे गंजले, बदलले. बोट तेच राहिलं.

काल रात्रभर पडला. सकाळी मी डब्यात बोट घातलं. पाणी माझ्या दीड पेराला लागलं. माझी बोटं लांब, तिची आखूड. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काका, किती पेरं?"

म्हटलं, "बाई, ते मला नाही कळायचं."